बंद भट्टीतला तडा

१

उपकुलसचिव बाईंनी भट्टीचं कुलूप काढलं, दार ओढलं, आणि काहीतरी बोलायला उघडलेलं त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

आत काचेचे चार कंडेन्सर ठेवले होते. त्यातले तीन फुटले होते. चुरा झाला नव्हता. तिघांचीही मान गळ्यापाशी उतरली होती आणि डोकी बाजूला आडवी पडली होती. चौथा, कार्यशाळेच्या जुन्या उस्तादांनी नमुना म्हणून दिलेला, तेवढा धडधाकट. त्याच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता.

"हे कसं शक्य आहे?" रसायनशास्त्राचे विभागप्रमुख बाईंच्या खांद्यावरून डोकावत म्हणाले.

बाई काय सांगणार, कपाळ? कुलूप त्यांचं स्वतःचं, घरच्या कपाटाचं. किल्ली रात्रभर पर्समध्ये आणि पर्स उशाशी. दारावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर तिघा परीक्षकांच्या सह्या होत्या, आणि ती पट्टी आत्ता त्यांनीच नखानं सोडवली होती. मुंगी शिरेल एवढी जागा नव्हती, मग माणूस शिरला कुठून?

आता ही भानगड काय होती ते सांगायला हवं. विद्यापीठानं फार वर्षांनी मोठी भरती काढली होती. अध्यापक, निदेशक, प्रयोगशाळा सहायक, कारकून, वायरमन, माळी, झाडून सगळ्या जागा. बाईंनी घरचं लग्न असल्यासारखी ती अंगावर घेतली होती. सगळं पार पडलं, आणि हत्ती गेला शेपूट राहिलं म्हणतात तशी एकच जागा उरली: काचकाम निदेशक. प्रयोगशाळेला लागणारी काचेची उपकरणं घडवायची, फुटलेली जोडायची आणि विद्यार्थ्यांना ते काम शिकवायचं. या जागेला तोंडाच्या वाफा चालत नाहीत, ज्योतीवर काच धरून दाखवावी लागते. प्रत्येक उमेदवारानं एक कंडेन्सर करायचा, म्हणजे नळीच्या आत नळी घालून टोकं जोडायची, आणि सगळी परीक्षा त्या जोडात. मग ते काम रात्रभर विजेच्या भट्टीत ठेवायचं. भट्टी काचेला नीट तापवते, मग हळूहळू निववते, म्हणजे घडवताना काचेत राहिलेला ताण निघून जातो. सकाळी शाबूत निघेल त्यातून निवड.

शाबूत काहीच निघालं नव्हतं. कुठला तुकडा कुणाचा हे कळायलाही बाईंना मान आणि धड जुळवून बघावं लागलं, तेव्हा कुठे काचेवर कोरलेला आकडा पुरता वाचता आला. एक नंबर विभागप्रमुखांच्या भाच्याचा. दोन नंबर एका काचकारखान्यातून आलेल्या कारागिराचा, त्याला सगळे कारखानेवालाच म्हणत. आणि तीन नंबर फुंकणीचा.

फुंकणी म्हणजे इथलीच हंगामी सहायक. दिवसभर तोंडात काचेची नळी, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव, आणि तिलाही ते आवडायचं. उस्तादांच्या हाताखाली तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. दर सहामाहीला नेमणूक संपायची, दर सहामाहीला नवी मिळायची, आणि सुट्ट्यांचा पगार कापला जायचा. वयाची अट तिच्यासाठी यंदा शेवटची होती. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर जन्मभर हंगामी.

उस्ताद स्टुलावर बसून तुकड्यांवरून बोटं फिरवत होते. निवृत्त होऊनही त्यांना मुदतवाढीवर ठेवलं होतं, कारण जागा भरेपर्यंत कार्यशाळा चालवणार कोण?

"जोड कच्चे होते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "भट्टी खोटं बोलत नाही बाई. भट्टीत दोष असता तर माझा नमुना वाचला असता का?"

तेवढ्यात कुलसचिवांचा फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोनच वाक्यांत विषय संपवला. योग्य उमेदवार मिळाला नाही असा शेरा मारा, संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर आणा.

बाहेर व्हरांड्यात फुंकणी बाकावर बसली होती. बाईंकडे बघून ती हसली, आणि बाईंना आपलं तोंड कुठे लपवावं ते कळेना.

२

शेरा मारायला हात रेटत नव्हता. तीन माणसं, तीन तऱ्हेचे हात, आणि तिघांच्या काचा एकाच जागी तुटाव्यात? बोलाफुलाला गाठ एकदा पडते, तीनदा नाही. बाईंनी शेऱ्याचा कागद पर्समध्ये घडी करून ठेवला आणि आधी वायरमनला बोलावलं.

रात्री मधेच वीज गेली असती तर भट्टी एकदम थंड पडली असती आणि काच तडकली असती, हे बाईंनाही कळत होतं. पण वायरमन नवीन, याच भरतीत लागलेला, आणि नव्या नवरीसारखा कामाला जपणारा. त्यानं रात्रभर इमारत सोडली नव्हती. वीज गेली नव्हती. भिंतीवरचं विजेचं घड्याळ भट्टीच्याच लाइनवर चालत होतं आणि ते बरोबर वेळ दाखवत होतं. शिवाय, तो म्हणाला, वीज गेली असती तर चारही तडकले असते. काचेला माणसं ओळखू येतात की काय?

हे बाईंच्या मनात बसलं. भट्टी एक, रात्र एक, आणि तरी निवाडा वेगळा.

बाई आदल्या संध्याकाळची एकेक गोष्ट आठवू लागल्या. उमेदवारांची कामं हाताळण्याइतकी निवली, तसं तिघांना बाहेर पाठवलं होतं, कारण कामांवर आकडे घालायचे होते आणि कुणाचा आकडा कोणता हे उमेदवारांना कळू द्यायचं नव्हतं. खोलीत बाई, विभागप्रमुख आणि उस्ताद. कागदी चिठ्ठी भट्टीत जळून जाते, तेव्हा आकडा काचेवरच कोरायचा अशी पद्धत. उस्तादांनी तिकोनी कानस घेतली. बाळाच्या गळ्यावरून फिरवावा तसा अंगठा जोडावरून फिरवला, तिथेच आकडा ओढला, अंगठा जिभेला लावून काचेची भुकटी पुसली आणि काम बाईंच्या हातात दिलं. तिन्ही कामं बाईंनी स्वतः भट्टीत ठेवली होती. नमुना आधीच आत होता, तो त्याच सकाळी केलेला होता आणि त्यालाही निवायचं होतं. त्यावर आकडा घालू का असं बाईंनी विचारलं, तेव्हा उस्ताद हसून म्हणाले होते की स्वतःच्या लेकराला कुणी बिल्ला लावतं का?

मग कुलूप, पट्टी, सह्या. सगळं बाईंच्या डोळ्यांदेखत. आणि तरीही कुणीतरी त्यांच्या नाकावर टिच्चून तीन काचा फोडल्या होत्या.

३

विभागप्रमुखांवर संशय घेणं सोपं होतं. भाचा उमेदवार, मामा परीक्षक, आणि मामांच्या कपाळावर सकाळपासून घाम. बाईंनी त्यांना खोलीत गाठलं आणि सरळच विचारलं.

मामा आधी चिडले, मग खुर्चीत बसले आणि भडाभडा बोलले. भाच्याला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. बहिणीनं गळ घातली म्हणून अर्ज करायला लावला, झालं. त्याचा कंडेन्सर बघून मामांनाच लाज वाटली होती. घाम येत होता तो याच भीतीनं, की त्याचा वेडावाकडा जोड सगळ्यांसमोर मांडला जाणार.

"आणि समजा मी काही केलंच असतं," ते म्हणाले, "तर बाकीच्यांचे फोडून त्याचा राखला असता ना? त्याचाही फुटला की."

बाईंना ते पटलं. जाता जाता त्यांनी सहज म्हणून विचारलं की आकडा कोरायची पद्धत कुणी काढली. मामांनी खांदे उडवले. मागच्या भरतीच्या वेळी उस्तादांनीच सुचवलं होतं, तेव्हापासून चालू.

"मागच्या भरतीत काय झालं होतं?" बाई तेव्हा दुसऱ्या विभागात होत्या.

"तेव्हाही सगळे फुटले होते," मामा म्हणाले. "फुंकणी तेव्हाही होती. उस्तादांनी तिला फार समजावलं बिचारीला."

बाई जागच्या जागी थबकल्या. ही गोष्ट त्यांना कुणीच सांगितली नव्हती.

कारखानेवाला कार्यशाळेत आपली हत्यारं गोळा करत होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता. एवढ्या लांबून बोलावता, काम करून घेता आणि वर जोड कच्चा म्हणता? त्याच्या जोडातून आजवर पाण्याचा थेंब गळला नव्हता. फुटलेलं काम तरी दाखवा म्हटलं तर नियमात बसत नाही म्हणे. बोलता बोलता त्यानं स्वतःची उरलेली लांब नळी उचलली. ती पिशवीत मावत नव्हती. त्यानं तिच्यावर कानस एकदा ओढली, बोट जिभेला लावून ते रेघेवर फिरवलं आणि नळीला हलकासा हिसका दिला. तिचे सरळ दोन तुकडे झाले. ते पिशवीत टाकून तो पुन्हा बोलू लागला.

"तुमच्यातल्या कुणी खोडी केली असेल?" बाईंनी विचारलं.

"केली असेल तर तो महामूर्ख. स्वतःचंही फोडून घेतलं? आणि ती तुमची बाई, तिचा जोड मी ज्योतीवर होताना बघितलाय. तो फुटला असं ऐकलं तेव्हा मला स्वतःच्या फुटण्यापेक्षा जास्त धक्का बसला. ती हरवणार होती मला, खरं सांगतो."

सगळ्यांचंच नुकसान झालं होतं. मग फायदा कुणाचा झाला? बाईंना या प्रश्नाचं उत्तर सापडत नव्हतं, आणि दुपार कलायला लागली होती.

४

नियम असा होता की फुटलेलं काम उमेदवाराला दाखवायचं नाही. बाईंनी नियम गुंडाळून ठेवला. फुंकणीला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि तीन नंबरचे दोन तुकडे टेबलावर ठेवले.

काम फुटल्याचं कळल्यापासून फुंकणी वाघिणीसारखी भांडत होती. माझा जोड फुटणार नाही, पुन्हा परीक्षा घ्या, कुलगुरूंकडे जाईन, कोर्टात जाईन. आत आली तीही पदर खोचूनच. तिनं तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, गोल फिरवला.

आणि बाईंच्या डोळ्यांसमोर तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती खुर्चीचा हात चाचपत खाली बसली. मग दुसरा तुकडा घेतला, दोन्ही जुळवले, आकड्यावरून बोट फिरवलं आणि तुकडे परत ठेवले.

"काय झालं गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. जोड कच्चाच होता माझा."

"अगं, पण सकाळी तर तू..."

"सकाळी बघितलं नव्हतं. बाई, एक कागद द्या. मी अर्ज मागे घेते."

जन्मभर हंगामी राहशील, वय उलटेल, हे सगळं बाईंनी सांगून पाहिलं. फुंकणी मान हलवत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली की उस्तादांना यातलं काही विचारू नका, त्यांचं वय झालंय.

ती गेली आणि बाई त्या तुकड्यांकडे बघत बसल्या. काचेचे दोन तुकडे होते, दुसरं काही नव्हतं. त्यात तिला असं काय दिसलं, जे बाईंना सकाळपासून दिसत नव्हतं?

५

विचारू नका म्हटलं की बाई विचारणारच, हा त्यांचा स्वभाव. त्या उस्तादांकडे गेल्या.

उस्तादांनी अगत्यानं बसवलं. माठातलं पाणी पेल्यात ओतून दिलं, पण ओतताना एक बोट पेल्याच्या काठातून आत सोडलेलं. बाईंनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बोट बुडवलेलं पाणी कोण पिणार?

उस्ताद फुंकणीबद्दल फार मायेनं बोलले. पोरीचा हात गोड आहे, पण जोडाला धीर लागतो, तो तिच्यात नाही. मागच्या वेळीही हेच झालं. आता तिचं वय गेलं, वाईट वाटतं. पण काळजी नको, मी आहे तोवर तिला इथून कुणी हलवणार नाही, आम्ही दोघं मिळून चालवू. आवाजात कुठेही खोट नव्हती. बाईंना त्यांची दया आली आणि आपल्या संशयाची लाज वाटली.

विद्यापीठाच्या आवारातच बाईंचं घर. उशिरा का होईना, दोन घास खायला त्या घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीत बसून सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्या झटक्यात ओवला आणि सुनेला दाखवला. मग उठून त्यांनीच पाणी दिलं.

बाई पेल्याकडे बघून सहज बोलून गेल्या, की आज एक भला माणूस पेल्यात बोट घालून पाणी देत होता, ते प्यावंसं वाटलं नाही.

सासूबाई फणकारल्या. "मलाही म्हणायचीस तशीच, गलिच्छ म्हातारी म्हणून. ऑपरेशनच्या आधी मला पेला कुठवर भरला ते दिसत होतं का? बोट ओलं झालं की थांबायचं."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

"आता काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

बाई ताट तसंच सोडून उठल्या. ज्या माणसाला पेल्यातलं पाणी दिसत नाही, त्यानं तो नमुन्याचा केसासारखा बारीक जोड केला तरी कसा?

६

कार्यशाळेत त्यांनी तिघांना बोलावून घेतलं: विभागप्रमुख, फुंकणी आणि उस्ताद. उस्ताद खिडकीला पाठ करून बसले होते. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक हात उंच धरला.

"उस्ताद, हा नमुना तुम्ही स्वतः केलात ना?"

उस्तादांनी मान वर केली. "हो. मीच केला."

विभागप्रमुखांचे डोळे विस्फारले. फुंकणीनं तोंडावर हात दाबला. बाईंचा हात रिकामा होता.

उस्तादांना काहीतरी चुकल्याचं कळलं आणि ते या आवाजाकडून त्या आवाजाकडे मान वळवू लागले. पण बाईंना आता थांबून चालणार नव्हतं.

"नमुना अजून भट्टीतच आहे," त्या म्हणाल्या. "तो यांनी केलेला नाही. यांना जोड दिसतच नाही. या खोलीत ते काम येणारं दुसरं माणूस एकच. किती दिवस चाललंय हे, फुंकणी?"

फुंकणीनं मान खाली घातली. बरीच वर्षं, ती म्हणाली. बारीक कामं तीच करायची. बाहेर सांगायची उस्तादांनी केली म्हणून. त्यांचा मान राहावा, एवढंच.

मग बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. नमुना फुंकणीचा आणि तीन नंबरही फुंकणीचाच. तोच हात, तीच काच, तीच भट्टी, तीच रात्र. एक वाचला आणि एक फुटला. म्हणजे दोष हाताचा नाही आणि भट्टीचाही नाही. घडवल्यावर आणि भट्टीत जाण्याआधी तीन नंबरला असं काय झालं, जे नमुन्याला झालं नाही? एकच गोष्ट झाली. त्यावर आकडा कोरला गेला.

"आज मी एका माणसाला नळी तोडताना बघितलं," बाई म्हणाल्या. "कानशीची रेघ, वर थुंकीचं बोट आणि हिसका. काच अशीच कापतात. तुम्ही आकडा घातला तोही तसाच, अंगठ्यानं जोड शोधून नेमका त्याच्यावर. काच अजून ताणलेली होती. हिसका द्यायचं काम तेवढं भट्टीवर सोडलंत. तिन्ही तडे आकड्यांच्या मधून गेलेत, सकाळी ते जुळवल्याशिवाय मला वाचता येत नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती गत माझी. कुलूप माझं, किल्ली माझी, आणि ती कामं मीच माझ्या हातांनी आत ठेवली. तुम्ही मला साक्षीदार करून फोडलंत, उस्ताद."

विभागप्रमुख भिंतीला टेकले. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण त्यांनीच वर्षानुवर्षं राखलं होतं.

"पण का?" ते कसंबसं म्हणाले.

"जागा भरली की मुदतवाढ संपते," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं नुकसान झालं आणि फायदा एकाचाच."

उस्तादांनी नाकारलं नाही. हात गुडघ्यांवर ठेवून ते हळूहळू बोलू लागले. ज्योतीच्या उजेडानं काचकाम्याचे डोळे जळतात, त्यांच्या गुरूचेही असेच जळाले होते, त्यावर औषध नसतं. डॉक्टरकडे गेलो असतो तर नोकरीला नालायक असा दाखला हातात दिला असता. "इथे मी उस्ताद आहे. ही माझे डोळे आहे. घरी मी कोपऱ्यातला आंधळा म्हातारा. हिला कायम केलं की मला घरी जायचं. मला ते सोसेना."

फुंकणीनं आता पहिल्यांदा मान वर केली.

"आज तुकडा बघितला तेव्हा कळलं मला," ती म्हणाली. "वाटलं, आता दिसत नाही, घाबरलेत, म्हणून केलं. वाटलं, जाऊ दे, एवढं केलंय त्यांनी माझ्यासाठी. पण मागच्या वेळी? तेव्हा तर तुम्हाला दिसत होतं."

"थोडं थोडं जायला लागलं होतं."

"मागच्या वेळीही तुम्हीच?"

उस्तादांनी होकारार्थी मान हलवली.

"तुम्ही म्हणालात जोड कच्चा आहे. त्या दिवसापासून रोज जेवणाच्या सुट्टीत मी तोच जोड करत बसले, उस्ताद. घरी पोरगी आजारी होती तेव्हाही. कच्चा होता का तो?"

"नाही," उस्ताद म्हणाले. "तेव्हाही पक्का होता."

फुंकणी उभी होती ती तिथेच खाली, काचेच्या कचऱ्याशेजारी, जमिनीवर बसली. बाईंनी तिला उठवायला हात दिला, तो तिनं घेतला नाही.

बाई वळल्या आणि त्यांचं लक्ष उस्तादांच्या चेहऱ्याकडे गेलं. उजेड बाजूनं पडला होता आणि बुबुळांतली पांढरी साय स्पष्ट दिसत होती. तशीच साय बाईंनी घरी वर्षभर रोज बघितली होती.

"उस्ताद," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, "तुमचे डोळे जळलेले नाहीत. हा मोतीबिंदू आहे. माझ्या सासूबाईंचा सकाळी काढला आणि संध्याकाळी त्या घरी आल्या. आज सुईत दोरा ओवत होत्या."

उस्तादांचा चेहरा असा झाला की विभागप्रमुखांनी नजर दुसरीकडे वळवली.

"कुणाला तरी एकदा विचारायचं होतंत," बाई म्हणाल्या.

७

शेऱ्याचा कागद बाईंनी फाडला आणि जे घडलं ते सगळं लिहून कुलसचिवांच्या टेबलावर ठेवलं, स्वतःचा हलगर्जीपणाही. कुलसचिव आधी उखडले, मग त्यांनी सगळं पुन्हा एकदा वाचलं. उस्तादांची मुदतवाढ रद्द झाली. चौकशी बसली. परीक्षा पुन्हा झाली, बाहेरून आणलेल्या परीक्षकासमोर, कामांना तारेनं पत्र्याचे बिल्ले बांधून. भाचा फिरकलाच नाही. सकाळी भट्टी उघडली तेव्हा दोन्ही कंडेन्सर शाबूत होते. परीक्षकानं दोन्ही उजेडात धरले आणि फारसा विचार न करता एक पुढे सरकवला. कारखानेवाल्यानं तो बघितला आणि काही न बोलता फुंकणीला हात जोडले.

ती कायम झाली. पेढे वाटायची वेळ होती, पण तिच्याकडे बघून कुणाला पेढे मागवत नव्हते. ती कामावर यायची, शिकवायची, आणि उस्तादांचं नाव निघालं की ज्योत मोठी करून काम चालू ठेवायची.

उस्तादांच्या ऑपरेशनची बातमी बाईंनीच तिला दिली. उद्या पट्टी निघणार, घरचं कुणी दिवसा मोकळं नाही, एवढंच सांगितलं. फुंकणीनं ज्योत मोठी केली. पण दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात पोचल्या तर ती आधीच तिथे उभी होती, पलंगापासून हातभर लांब, पर्स छातीशी धरून.

नर्सनं पट्टी सोडली. उस्तादांनी डोळे मिचकावले, छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग त्यांना ती दिसली. ते बघतच राहिले. त्यांच्या मनात होती ती मुलगी वेगळी असावी, कारण ते एकदम गोंधळले आणि जरा वेळानं भीत भीत म्हणाले,

"पोरी, तुझे केस कधी पांढरे झाले गं?"

"मी हंगामी होते तेव्हा," ती म्हणाली.